गाभणीचा खुराक

घोलप मॅडम समोर आल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलात का?" आपल्याकडे हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातं. मॅडम पुढे जात नसत. "हो" म्हटलं की "काय जेवलात?" आणि "पोळी-भाजी" म्हटलं की "पोटभर?" एकदा मुंबईहून आलेल्या एका बड्या साहेबांना त्यांनी असंच दारात धरलं. सकाळपासून नुसत्या चहावर आहे, असं साहेबांनी बिचाऱ्यांनी कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "मग आत्ता काही ठरवू नका. उपाशी माणूस भलत्या कागदावर सही करतो." आणि त्यांनी आपला डबा उघडून साहेबांच्या पुढ्यात सरकवला. साहेबांनी थालीपीठ खाल्लं. मीटिंग अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि आमचे संचालक तो अर्धा तास खिडकीतून बाहेर बघत होते.

शहराबाहेरच्या आमच्या मेंढी संशोधन केंद्रात मी प्रयोगशाळेत होतो. ऊतींचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे, हे माझं काम. मॅडम जनावरांच्या डॉक्टर, आणि त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकलेला. मेंढी गाभण असताना उपाशी राहिली तर पोटातल्या कोकराच्या यकृताचं काय होतं? माणसं डॉक्टरकी करून बंगले बांधतात, ह्या बाईने त्यात यकृत गाठलं, तेही न जन्मलेल्या कोकराचं. पण त्या सांगायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटे. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की कोकराचं शरीर काटकसर करतं, त्या सांगत. मेंदूचा वाटा आधी राखतं आणि यकृताचा कापतं. कोकरू वजनाला बरं भरतं, दिसतंही बरं, पण यकृत मात्र लहान राहतं. आणि यकृत म्हणजे कोकराची शिदोरी. जन्मल्यापासून पहिला चीक पोटात जाईपर्यंत त्याला यकृतात साठलेल्या साखरेवरच धडपडून उठायचं असतं. शिदोरीच बांधून दिली नसेल तर ते उठणार कशावर?

"काट्यावर विश्वास ठेवू नका, भालेराव," त्या मला म्हणत. "काटा वरवरचं सांगतो."

मॅडम ठेंगण्या होत्या. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी त्या एका लाकडी पाटावर उभ्या राहत, आणि तो पाट कुणी हलवला तर सगळ्या केंद्रात आरडाओरडा होई. स्वतःच्या उंचीबद्दल त्या बिनदिक्कत बोलत. "माझ्या आईने सगळी बाळंतपणं अर्ध्यापोटी काढली. मी शेंडेफळ. माझ्यापर्यंत येईस्तोवर माल संपला होता." हे सांगताना त्या हसत. मला मात्र कधी हसू आलं नाही. त्यांची आई सगळ्यांची पानं आवरल्यावर जे उरेल ते खायची, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं आणि विषय बदलला. स्वतः मात्र त्या चारचौघांत, साहेबांसमोर, भर मीटिंगमध्ये डबा उघडून सावकाश जेवत. कुणी भुवई उंचावली तर त्याच्याकडे बघत आणखी एक घास घेत.

त्यांचं आणि केंद्राचं बिनसलं ते अर्ध्या खुराकावरून. वरून एक मोठा प्रयोग आला होता. गाभण मेंढ्यांचे दोन गट करायचे, एकाला पूर्ण खुराक, दुसऱ्याला शेवटचे दोन महिने अर्धाच. मग मेंढ्या कापून कोकरांची यकृतं तपासायची. विषय मॅडमचाच होता. सगळ्यांना वाटलं, बाई आनंदाने नाचतील. बाईंनी फाइल परत पाठवली.

संचालकांनी बोलावून घेतलं. "अहो, तुमच्याच कामाचं आहे हे."

"माझ्या कामाचं आहे म्हणूनच नाही म्हणतेय," मॅडम म्हणाल्या. "उपाशी मेंढी तयार करायला सरकारने खर्च कशाला करायचा? सिल्लोडच्या रस्त्याला लागा. उन्हाळा फुकटात तयार करून देतोय."

"प्रयोग शास्त्रशुद्ध असावा लागतो, मॅडम."

"असेल. पण माझ्या हाताने गाभणीच्या तोंडापुढची पाटी उचलली जाणार नाही. दुसरा कुणी बघा."

दुसरा कुणी सापडला. मॅडमची खोली बदलली, त्यांच्याकडून गाडी गेली. त्यांनी तक्रार केली नाही. रविवारी मला घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेल्या आणि बर्फाचा एक मोठा डबा पसंत करत बसल्या. दुकानदार म्हणाला, "कुल्फी के वास्ते होना क्या, मॅडम?"

"कलेजी के वास्ते."

"हौ? फिर ये वाला लेओ. इसमें बू नहीं बैठती."

तो डबा स्कूटरला बांधून मॅडम वस्त्यांवर फिरायला लागल्या. कुठे मेलेलं कोकरू जन्मलं, कुठे जन्मून दोन श्वास घेऊन गेलं, तिथे जायचं, विचारायचं, परवानगी घेऊन यकृत काढायचं, बर्फात ठेवायचं आणि माझ्या टेबलावर आणून आदळायचं. सुट्टीच्या दिवशी मीही मागे बसून जाई. जाई म्हणजे, नेला जाई.

असंच एकदा सिल्लोड रस्त्यावरून आत एका धनगरवस्तीवर साळूबाईची गाठ पडली.

साळूबाई म्हणजे त्या वस्तीवरचा शेवटचा शब्द. नवरा गेलेला, मुलगा ट्रकवर, कळप तिच्या आणि सुनेच्या जिवावर. अंगापिंडाने मॅडमच्या दुप्पट, आणि आवाज त्याहून. तिच्याकडे एक पद्धत होती, आणि ती एकटीची नव्हे, त्या भागात कितीतरी घरांत होती. मेंढीचे शेवटचे दिवस आले की तिचा वरचा खुराक तोडायचा. पेंड बंद, बाभळीच्या शेंगा बंद, मक्याचा भरडा बंद. का, तर कोकरू पोटात मोठं झालं की अडतं. लहान राहिलं की सुटतं.

मॅडमनी हे ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. "अगं, ह्याच दिवसांत तर कोकरू वाढतं! ह्याच दिवसांत त्याचं यकृत भरतं! ऐन वेळेला तू ताट काढून घेतेस?"

"म्या काढून घेतलं म्हणून मेंढ्या सुटल्या," साळूबाई म्हणाली. "तू किती मेंढ्या सोडवल्या?"

मॅडमनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत धष्टपुष्ट मेंढीच्या कोकराचं यकृत, दुसरीत उपाशी मेंढीच्या. फरक मलासुद्धा लांबून दिसत होता. साळूबाईने बाटल्यांकडे धड पाहिलंही नाही.

"बाटलीतलं दावू नको मला. बाटलीत कायबी दिसतंय."

एवढ्यात आतून सून पाणी घेऊन आली. कविता तिचं नाव. पोट पुढे आलेलं, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी. मॅडमनी तांब्या घेतला आणि सवयीने विचारलं, "जेवलीस का गं?"

कविताने आधी सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. जेवले."

"काय जेवलीस?"

पुन्हा सासूकडे नजर. "भाकर."

मॅडमनी तांब्या खाली ठेवला आणि साळूबाईकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, आणि त्यांचा खालचा आवाज मला वरच्यापेक्षा जास्त धास्ती देई. "हिचाही खुराक तोडलास?"

साळूबाई उसळली नाही. ओट्यावर बसली. "माझी थोरली लेक अडून गेली, बाई. पोर लई मोठं झालं व्हतं पोटात. बैलगाडीत घातली, वाटंतच गेली. लेकबी गेली, पोरबी गेलं. म्या तिला तूप चारलं व्हतं, हातानं. आता हिला बी चारू?"

 मॅडम साळूबाईशेजारी ओट्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझी लेक तुपाने गेली नाही, साळूबाई. वाट लांब होती म्हणून गेली. आता फाट्यापर्यंत गाडी येते. सिल्लोडला दवाखाना आहे, नाहीतर शहरात मोठा आहे. हिचं नाव घालू, आधीपासून दाखवू, अडलं तर तिथे डॉक्टर आहेत. पण ती भीती हिच्या पोटावर कशाला काढतेस?"

"डाक्टर मेंढीला बी येतो म्हणत्यात. आला का कधी?"

"मी येईन."

"येशील?"

"हाक मार, येईन. जिथे असेन तिथून."

मग पैज लागली. माझ्यासमोर, त्या ओट्यावर. कळपातल्या निम्म्या गाभण मेंढ्यांच्या पाठीवर मॅडमनी गेरूचा पट्टा ओढायचा आणि त्यांना शेवटपर्यंत भरपूर खाऊ घालायचं. बाकीच्या साळूबाईच्या पद्धतीने. "तुझ्या पट्ट्याची एकबी मेंढी अडली," साळूबाई म्हणाली, "तर परत ह्या वस्तीवर पाय ठेवायचा नाय."

"आणि नाही अडली, तर कविताच्या ताटात मी म्हणेन तेवढं."

"बगू."

परत येताना मी स्कूटरवर मागून म्हटलं, "मॅडम, ही काय पैज झाली? मेंढी कशानेही अडते. कोकराचा पाय दुमडला तरी अडते. शास्त्रात असं नसतं."

"शास्त्रात नसतं, हे मला तुम्ही सांगू नका, भालेराव. एका कळपावरून काही सिद्ध होत नाही, माहीत आहे मला. पण कुणाचं ताट भरायला सिद्धता लागत नाही. तेवढ्यासाठी निमित्त लागतं." आणि त्यांनी रागाने स्कूटर खड्ड्यातून नेली.

पुढचे दिवस मॅडम सरकी पेंडीची पोती वाहून नेत होत्या. मक्याचा भरडा, शेंगा, जे मिळेल ते. पट्ट्याच्या मेंढ्या तुकतुकीत दिसायला लागल्या. दरवेळी कविताला प्रश्न ठरलेला, आणि दरवेळी ती सासूकडे बघून "व्हय, जेवले" म्हणायची. मॅडमनी तिच्या हातात गुपचूप शेंगदाण्याचा लाडू द्यावा, असं मला फार वाटे. एकदा मी बोललोही.

"चोरून?" मॅडम कडाडल्या. "पोटुशी बाई स्वतःच्या घरात चोरून खाणार? सगळ्यांसमोर खाईल ती. ताटात घेऊन."

ऐन मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. विदर्भात, लांब. अर्ध्या खुराकाच्या फाइलचा ह्याच्याशी काही संबंध नाही, असं संचालक स्वतःहून दोनतीनदा म्हणाले, तेव्हा माझी खात्रीच पटली. मॅडमनी हुकूम वाचला, घडी केली आणि डबा उघडला. कोकरं पडायला सुरुवात झाली होती. पट्ट्याच्या मेंढ्या एकामागून एक सुटत होत्या, कोकरं अंगणात उड्या मारत होती. एक पायाखाली सापडून मेलं, ते मॅडम न विसरता सगळ्यांना सांगत. अजून काही मेंढ्या व्यायच्या होत्या, आणि मॅडमचे इथले दिवस संपत आले होते.

निरोपसमारंभ क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये ठेवला होता. आमच्याकडे माणसाला हाकलायचं ठरलं की शाल चांगली आणतात. संचालक मॅडमच्या संशोधनाबद्दल असे काही बोलत होते, जणू त्यांनीच मॅडमना गाडी दिली होती, खोली दिली होती. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या सुरू झाल्या, आणि मॅडमचा फोन वाजला. त्यांनी व्यासपीठावरच कानाला लावला. पलीकडचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

"मेंढी अडलीय. ये."

बस. फोन बंद.

मॅडमनी नारळ संचालकांच्या हातात दिला. "सत्कार पोचला," म्हणाल्या, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. "अहो मॅडम, मनोगत राहिलं!" मागून कुणीतरी ओरडलं. "मेंढी अडलीय, हेच मनोगत," त्या म्हणाल्या, आणि मला खूण केली.

दुपारचं ऊन, चौकातली ती गर्दी, आणि त्या गर्दीतून स्कूटरवर शाल पाठीवर उडवत चाललेली ठेंगणी बाई. मागे मी, हातात औषधांची पिशवी.  शहर मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "हरले बघा." थोड्या वेळाने पुन्हा, "पण आधी कोकरू बाहेर काढते. मग हरते."

लिंबाखाली मेंढी आडवी पडली होती. साळूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मी जवळ गेलो आणि थबकलो. मेंढीच्या पाठीवर गेरू नव्हता. पट्टा नाही, पुसलेला डागही नाही. बरगड्या मात्र स्पष्ट दिसत होत्या. मी साळूबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मॅडमनी पाठीकडे पाहिलंच नाही. हात साबणाने धुतले, तेल लावलं आणि गुडघे टेकून मातीत बसल्या. "बुटक्या बाईचे हात लहान असतात," पुटपुटल्या, "एवढाच काय तो फायदा." कोकराचा पुढचा पाय मागे दुमडला होता. त्यांनी कोकरू हळूच आत सारलं, पाय सरळ केला, आणि ओढून बाहेर काढलं. मेंढीने कळ द्यायला हवी होती, पण तिच्या अंगात कळ द्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

कोकरू एवढंसं होतं. मांजराएवढं. साळूबाईच्या पद्धतीप्रमाणे लहान राहिलेलं, आणि तरी अडलेलं. श्वास घेत होतं. मॅडमनी खांद्यावरची शाल ओढली आणि त्या नव्याकोऱ्या शालीने त्याला खसाखसा पुसलं, चोळलं. साळूबाईने न सांगता पट्ट्याची एक नुकती व्यालेली मेंढी धरून आणली, तिचा चीक पिळला. थेंब थेंब तोंडात सोडला. पण ते चोखेना. मान उचलायचं, टाकायचं. मॅडम तोंडात बोट घालून त्याला चोखायला लावायचा प्रयत्न करत राहिल्या, तोंडाने सारखं "ऊठ, ऊठ की रे" चाललेलं. ते उठलं नाही. थोड्या वेळाने शाल हलायची थांबली.

मॅडम तशाच बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"फाड," साळूबाई म्हणाली.

"राहू दे, साळूबाई."

"बाटलीतलं नको म्हणले व्हते म्या. हे माझ्या दारातलं हाय. फाड. बगू दे मला."

मॅडमनी पिशवीतून सुरी काढली. लिंबाच्या सावलीत, त्या शालीवरच, त्यांनी कोकरू उघडलं. साळूबाईने आयुष्यभर जनावरं कापलेली, शिजवलेली. यकृत कसं असतं, गर्द, भरीव, काठाला जाड, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडमच्या तळहातावर जे आलं ते फिकट होतं आणि पातळ होतं. ते तळहाताच्या मधोमध बसलं आणि बाजूला सगळा हात रिकामा राहिला.

साळूबाई वाकली. बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता मॅडम पट्ट्याचं बोलतील. गेरू नसलेली ही मेंढी, पैज जिंकल्याचं. बोलल्या नाहीत. साळूबाईही बोलली नाही. तिने मेंढीला पाणी पाजलं, मग मक्याच्या भरड्याची पाटी आणून तिच्या तोंडापुढे ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू जिकली असं म्या म्हणनार नाय."

"नको म्हणूस."

"लेकीचं माझ्या मनातून जानार नाय."

"जायलाही नको. पण कविताचं दवाखान्यात मी नाव घालून ठेवलंय. मी गेले तरी भालेराव येतील गाडी घेऊन." हे मला तेव्हाच कळलं.

कविता दारात उभी होती. सगळा वेळ उभी होती, चौकटीला धरून, आणि तळहातावरच्या त्या फिकट तुकड्याकडे बघत होती. तिचा एक हात पोटावर होता. ती वळून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. दोन भाकरी, वर पिठलं, बाजूला कांदा. ती आत बसली नाही, आडोशाला बसली नाही. ओट्यावर, सासूच्या समोर, मांडी घालून बसली आणि खायला लागली. मोठे मोठे घास. साळूबाई तिच्याकडे बघत होती, आणि मी साळूबाईकडे. वस्तीवरचा शेवटचा शब्द ज्या तोंडातून निघायचा ते तोंड उघडलं आणि मिटलं.

मॅडमनी हात धुतले. स्कूटरच्या डिकीतून आपला डबा काढला आणि कविताच्या शेजारी जाऊन बसल्या. सत्काराच्या गडबडीत मॅडम त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. बहुधा पहिल्यांदाच. झाकण उघडता उघडता सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "जेवलीस का गं?"

कविताने ह्या वेळी सासूकडे बघितलं नाही.

"जेवती हाय की," ती तोंडात घास असताना म्हणाली. "दिसत नाय का?"

मॅडम अशा हसल्या की मेंढ्या बिचकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती, स्टेशनवर मला पोचता आलं नाही. म्हणून माझ्याकडे त्यांचं शेवटचं चित्र हेच आहे. बाहीला रक्त, केसांत कडबा, मांडीवर डबा, आणि त्यातलं अर्धं थालीपीठ त्या कविताच्या ताटात टाकताहेत. साळूबाई आत गेली होती. ती दुधाचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि कुणाकडेही न बघता सुनेसमोर ठेवून म्हणाली, "वरून हे बी घे."